स्टेशनापर्यंतचा सल्ला

आमच्या थोरल्या साडूभाऊंनी आयुष्यात एकही सल्ला बसून दिलेला नाही. चाळीस-बेचाळीस वर्षं वकिली केली, सेलूच्या कोर्टात केली, परभणीच्या केली, दोन-तीनदा हायकोर्टाच्या पायऱ्याही चढून आले. पण घरी अशील आला आणि "साहेब, जरा एक अडचण होती" एवढं म्हणाला, की हे गृहस्थ खुंटीवरची टोपी डोक्यावर घालणार, कोपऱ्यातली कापडी पिशवी काखेत मारणार आणि "चल" म्हणून चालायला लागणार. अशिलाची चप्पल पायात जाईपर्यंत हे फाटकाबाहेर. "बसला की माणूस वकिलाचं तोंड बघून बोलतो," असं त्यांचं म्हणणं. "चालताना समोर बघावं लागतं. समोर बघणाऱ्याला लबाडी सुचत न्हाई." त्यातही माप ठरलेलं. किरकोळ प्रकरण असेल तर सरकी काढणाऱ्या जिनिंग गिरणीच्या भिंतीपर्यंत जायचं आणि परत. वाटणी, बांध, भाडेकरू असलं काही असेल तर कापसाच्या मार्केटपर्यंत. आणि मामला खरोखरच जड असेल तर थेट रेल्वे स्टेशन, फलाटाच्या शेवटच्या बाकापर्यंत. त्यामुळे कोणाची केस किती जड आहे हे सेलूत कोर्टाच्या आधी चहावाल्यांना कळायचं. एकदा गावातले एक बडे व्यापारी यांच्याबरोबर मार्केट ओलांडून स्टेशनाकडे जाताना दिसले, आणि संध्याकाळच्या आत त्यांच्या मुलाची ठरत आलेली सोयरीक मोडायला आली. मागून उलगडा झाला की ते बिचारे जालन्याची गाडी पकडायला निघाले होते आणि साडूभाऊंनी त्यांना वाटेत गाठून मोड आलेल्या मुगाचे फायदे सांगितले होते. मुलीच्या वडिलांची समजूत घालायला शेवटी साडूभाऊंनाच जावं लागलं. त्यांनाही ते चालवतच घेऊन गेले, पण मुद्दाम जिनिंगपर्यंतच.

मी त्यांचा धाकटा साडू. पेशानं प्राथमिक शिक्षक, आता निवृत्त. आमच्या हिची थोरली बहीण, म्हणजे अक्का, त्यांना दिलेली. आम्ही परभणीला, ते सेलूला. मला ते गुरुजी म्हणतात. पण त्यांच्या तोंडून तो शब्द असा येतो की जणू मी कुठंतरी काहीतरी लांबवलं आहे आणि ते त्यांना पक्कं ठाऊक आहे. मला वर्षानुवर्षं याचा राग यायचा. आता येत नाही, कारण त्यांचा वहीम खरा निघाला. ते पुढं सांगतो.

त्यांच्या पिशवीत पाच वस्तू असतात: दाभण, लाल दोऱ्याचं रीळ, शाईचा पॅड, भिंग आणि सहा इंची पट्टी. टाचणी आणि स्टेपलर या दोन गोष्टींवर त्यांचा जेवढा राग आहे तेवढा विरुद्ध बाजूच्या वकिलावरही कधी नव्हता. "पीन गंजती अन् कागद खाती," म्हणायचे, आणि प्रत्येक फाईल स्वतः लाल दोऱ्यानं शिवायचे. "एवढ्या टाक्यांत घरातल्या समद्या वाकळा शिवून झाल्या असत्या," असं अक्का येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. एकदा कोर्टातल्या कारकुनानं एक पान झेरॉक्सला काढण्यासाठी कात्रीनं दोरा कापला. साडूभाऊंनी भर कोर्टात अर्ज दिला की फाईल जशी होती तशी माझ्यासमोर परत शिवली जावी. न्यायाधीशांनी डोक्याला हात लावला आणि पुढचा पाव तास कोर्टाचं कामकाज थांबून सगळे एक म्हातारा वकील शिवणकाम करताना बघत राहिले.

दुसरा राग विशेषणांवर. कोणी अर्ज लिहून आणला की हे आधी 'अत्यंत', 'कळकळीची', 'नम्र' हे शब्द हुडकून हुडकून काटतात. मी एकदा बदलीसाठी अर्ज केला होता. भाषा विषयाचा माणूस मी, चांगली चार पानं लिहिली. वाचताना माझे मलाच डोळे भरून आले. साडूभाऊंनी जिनिंगपर्यंत जाऊन येईस्तोवर त्याच्या चार ओळी केल्या. मी म्हणालो, "अहो, यात माझी तळमळ कुठं राहिली?" तर म्हणाले, "विनंती एकदाच करायची असती, गुरुजी. दुसऱ्या बारीला केली की ती रड होती." त्या चार ओळींवर महिन्याभरात माझी बदली पेडगावला झाली. चार पानांवर झाली असती तर मला जास्त आनंद झाला असता, हे मी आजही कबूल करतो.

पण त्यांचं खरं वेड जन्माच्या नोंदीचं. बारशाला माणसं टोपडी-झबली घेऊन येतात, हे ग्रामपंचायतीचा नमुना खिशात घालून येतात. पेढा हातात धरतात, तोंडात घालत नाहीत, आधी बापाला विचारतात, "नोंद केली का?" गंगाखेडला आमच्या एका पुतण्याच्या घरी बारसं होतं. नोंद झालेली नव्हती. साडूभाऊ पाळण्याची दोरी धरून उभे राहिले आणि नाव ठेवू देईनात. बायका ओरडतायत, पोर रडतंय, पत्रावळ्या मांडलेल्या, आणि बाळाचा बाप मोटारसायकलवर ग्रामसेवकाला शोधत गावभर हिंडतोय. पावती आली, यांनी ती भिंगानं वाचली, मग दोरी सोडली आणि म्हणाले, "हं, आता कुर्र करा."

यामागचं कारण आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको, बाहेरच्याला सांगतो. आमच्याकडची निम्मी म्हातारी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत. आईबापांना तारीख आठवायची नाही. शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराला म्हणायचे, डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धर. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं झालं. मग गुरुजी सहा वर्षं मागं मोजून एक जून टाकून मोकळे. मीही एक जूनचा, साडूभाऊही एक जूनचे. दर एक जूनला मी त्यांना फोन करून "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणायचो, आणि ते "कुणाचा वाढदिवस? सबूत काय?" एवढं विचारून फोन दाणकन आपटायचे. हा आमचा सणच होता म्हणा ना.

वकिली थांबवल्यावर त्यांनी व्हिसाचं काम सुरू केलं. सुरू केलं म्हणजे काय, लोकांनी त्यांच्या गळ्यात घातलं. आमच्या भागातली पोरं-पोरी पुण्या-मुंबईवरून बाहेरदेशी जायला लागली. कोणाचा अर्ज नाकारला जायचा, कोणाच्या बायकोचा अडकायचा, आणि ते इंग्रजी पत्र घेऊन आईबाप साडूभाऊंच्या दारात. यांच्याकडे स्वतःचा पासपोर्ट नाही. हैदराबादच्या पुढं गेलेले नाहीत, आणि तिथूनही पाणी बाधलं म्हणून दोन दिवसांत परत आलेले. पण झेरॉक्सवाल्याकडून त्या त्या देशाचे नियम छापून आणायचे, डिक्शनरी आणि भिंग घेऊन उभ्या उभ्या वाचायचे, आणि जे कळलं नाही ते "हे मला कळत न्हाई, मुंबईला त्या कामाचा वकील गाठ" असं स्वच्छ सांगायचे. "कायदा कुठल्याबी मुलखाचा असू द्या," ते मला म्हणाले होते, "तो तीनच गोष्टी विचारतो. तू कोण, कामून आला, अन् वापस कधी जाणार. आमची आत्या दारात आलेल्या पाव्हण्याला हेच विचारायची."

तर अशा या माणसाकडे मी कांताबाईला घेऊन गेलो.

कांताबाई पेडगावची, माझी विद्यार्थिनी. आता पंचावन्नच्या घरात. गावच्या अंगणवाडीत मदतनीस. नवरा लवकर वारला, पण एकट्या बाईनं लेक नर्स केली, आणि ती लेक, सुजाता, आता आयर्लंडला मोठ्या हॉस्पिटलात आहे. तिचा नवराही तिथंच नोकरीला. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर सुजाताला दिवस राहिले होते, डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं होतं, आणि फेब्रुवारीत बाळ व्हायचं होतं. आईनं तीन महिने येऊन राहावं म्हणून अर्ज केला, तो नाकारला गेला. पोळा होऊन गेला होता. कांताबाई ते पत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून परभणीला माझ्या दारात उभी. रडली नव्हती, पण ओठ आवळलेले.

"गुरुजी," म्हणाली, "मी सुजाताची मायच न्हाई, म्हनायलेत."

पत्रात तसं सभ्य भाषेत लिहिलं होतं. कागदपत्रांवरून अर्जदार ही मुलीपेक्षा फक्त बारा वर्षांनी मोठी दिसते. दोघींचा जन्म एकाच तारखेला, एक जूनला, दाखवला आहे. नातं पटत नाही. दोन महिन्यांत अपील करता येईल. त्यातले तीन आठवडे परभणीतल्या एका एजंटानं खाल्ले होते. तो म्हणत होता, पाहिजे त्या तारखेचा नवा जन्मदाखला काढून देतो. कांताबाईनं विचारलं, "खोटा?" तो म्हणाला, "नवा." मग ती उठून माझ्याकडे आली होती.

खरं सांगतो, त्या घडीलाही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. मी आपला मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "चल, आमचे साडूभाऊ आहेत."

साडूभाऊंनी पत्र उभ्यानं दोनदा वाचलं. मग टोपी घातली, पिशवी घेतली. "चला," म्हणाले, आणि ते 'चला' दोघांनाही होतं. जिनिंगची भिंत गेली. मार्केट गेलं. चहावाले माझ्याकडे बघायला लागले. स्टेशनवर शेवटच्या बाकापाशी आल्यावर ते कांताबाईला म्हणाले, "बाई, तू बस. तुझी उलटतपासणी न्हाई." मग माझ्याकडे वळले. "गुरुजी, तुमी उभं रहा."

"पेडगावला तुमी कधी होता?"

"दोनदा. नवीन लागलो तेव्हा, आणि मग बारा वर्षांनी बदलीनं."

"हिचं नाव शाळंत कुणी घातलं?"

"पहिल्या खेपेला. मीच."

"अन् हिच्या लेकीचं?"

दुसरी खेप त्यांच्याच चार ओळींच्या अर्जामुळं झाली होती, पण ते बोलायची ही वेळ नव्हती. हळूहळू सगळं आठवायला लागलं, तसतसं सांगत गेलो. कांता शाळेत आली ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन. दहा वर्षांची असेल. दहा वर्षांची पोर पहिलीत बसवली तर तपासणीला येणारे साहेब शंभर प्रश्न विचारणार, म्हणून मी सहा लिहिलं. तिनं डोक्यावरून हात नेऊन कान तर धरलाच, वर हनुवटीपर्यंत बोटं आणली होती. बारा वर्षांनी तिची सुजाता शाळेच्या दारात येऊन बसायची. चार वर्षांची. पहिलीच्या पटात एक पोर कमी पडत होतं. तिचा हात कानाला पोचत नव्हता, तर मी तिची मान जराशी वाकवली आणि सहा लिहिलं. त्या वर्षी शंभर टक्के पटनोंदणीबद्दल जिल्ह्यात मला शाल आणि श्रीफळ मिळालं.

"म्हंजे मायची चार वर्षं तुमी खाल्ली," साडूभाऊ बोटं मोजत म्हणाले, "अन् लेकीच्या ताटात दोन जास्तीची वाढली. दोघींत खरं अंतर अठराचं. अठरातनं सहा गेली. राहिली बारा."

मला फलाटावरून खाली उतरून रुळांमधून चालत परभणीला जावंसं वाटलं. तेवढ्यात कांताबाई बाकावरून म्हणाली, "असू द्या, वकीलसाहेब. गुरुजीनं साळंत घेतलं म्हनून तर मला सही करता येती." तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मी म्हणालो, "आपण पासपोर्टवरची तारीख बदलून घेऊ." "ते करायला दुसरं वर्ष उजाडंल, अन् लेकरू चालायला लागंल," साडूभाऊ म्हणाले. "तारीख बदलायची न्हाई. तारीख कशी पडली ते सांगायचं. तुमी शपथेवर हलफनामा देणार. कबुलीचा." मी चाचरलो. पेन्शनचं काय, लोक काय म्हणतील, भिंतीवरच्या त्या मानपत्राचं काय, असं बरंच काही बोललो असेन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पेन्शन न्हाई जात. अन् कुणी हात लावला तर मी हाय. लोक म्हणतील की मास्तरनं खरं सांगितलं. न्हाई म्हणले तर त्यांच्या घरी जाऊन मी त्यांना चालवतो."

पुढचे दहा-बारा दिवस या सत्तरी ओलांडलेल्या माणसानं जिल्हा डोक्यावर घेतला. सकाळच्या पहिल्या गाडीनं पेडगावला उतरायचे, शाळेत जायचे, जुनं दाखल-खारीज रजिस्टर मागायचे. कपाटाची किल्ली हरवली होती; ते म्हणाले, मी थांबतो, आणि खरंच शाळेच्या पटांगणात येरझाऱ्या घालत थांबले. पोरांनी त्यांना बघून कवायत सुरू केली, तेव्हा मुख्याध्यापकांनी कुलूप फोडलं. मग आरोग्य उपकेंद्र. तिथं त्या काळातल्या नर्सबाईंची बाळंतपणांची वही माळ्यावर होती. त्यात सुजाताच्या जन्माचा दिवस सापडला, आणि पुढच्या रकान्यात: आईचे वय, अठरा. त्या दिवशी ते मला फोनवर म्हणाले, "गुरुजी, एक बाई होती तुमच्या गावात जी खरं लिहायची." मी फोन खाली ठेवला. या खेपेला मी.

शेवटचा पुरावा माझ्याच घरात निघाला. सकाळी साडेपाचला दार वाजलं. हिनं चहा केला, "दाजी, चहा तरी बसून घ्या" म्हणाली. त्यांनी उभ्यानं घेतला आणि बशी हातात धरून भिंतीवरचे फोटो बघत फिरायला लागले. मानपत्राशेजारी पेडगावचा माझा पहिल्या वर्षीचा वर्गाचा फोटो आहे. ते थांबले. पिशवीतून भिंग काढलं, पट्टी काढली.

"ही कोण?"

कडेला उभी, भाऊ कडेवर, कांता. पुढं बसलेल्या पोराच्या हातातल्या पाटीवर माझ्याच वळणदार अक्षरात 'इयत्ता पहिली' आणि साल. साडूभाऊंनी पट्टीनं तिची उंची मोजली, शेजारच्या पोरांची मोजली, मग माझी. "पहिलीतली पोरगी मास्तरच्या खांद्याला लागती व्हय?" चाळीसहून जास्त वर्षं तो फोटो माझ्या भिंतीवर होता. दर वेळी मी त्यात माझा भांग सरळ आहे की नाही एवढंच बघितलं. त्यांनी तो खिळ्यावरून काढला आणि मला विचारलंसुद्धा नाही.

हलफनामा मी तीन पानी लिहिला. तत्कालीन परिस्थिती, ग्रामीण भागातली अनास्था, शिक्षणप्रसाराची तळमळ. त्यांनी काटत काटत थोडक्या ओळींवर आणला. 'मी कांताबाईला दहा वर्षांची असताना सहा वर्षांची लिहिले. मी सुजाताला चार वर्षांची असताना सहा वर्षांची लिहिले. मला कोणी तारीख सांगितली नव्हती. एक जून ही तारीख माझी आहे.' नोटरीसमोर सही झाल्यावर मात्र पाठीवरचं काहीतरी उतरल्यासारखं वाटलं, हे सांगितलं पाहिजे.

कांताबाईचं पत्र त्यांनी तिलाच लिहायला लावलं, मराठीत. भाषांतर मागून जोडू म्हणाले. ती माझ्या ओट्यावर बसून लिहीत होती, जीभ दातांत धरून, पहिलीत धरायची तशी. 'मी सुजाताची माय आहे. तिला लेकरू होणार आहे. तिच्यापाशी कोणी बाईमाणूस नाही. मला जायचं आहे. तीन महिन्यांनी मी वापस येईन. माझ्या अंगणवाडीत सव्वीस लेकरं आहेत.' साडूभाऊंनी पेन उघडून कागद हातात घेतला. वाचला. परत वाचला. पेनाला टोपण लावलं. "यात काटण्यासारखं काई न्हाई," म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांच्या तोंडून हे वाक्य कोणी ऐकलं नव्हतं; हायकोर्टाच्या निकालांतसुद्धा ते काटाकाट करतात.

मग लाल दोरा. अपील शिवून तयार झालं तेव्हा उशीएवढं झालं होतं. पोस्टातली मुलगी म्हणाली, "काका, यात काय आहे?" तर म्हणाले, "दोन वाढदिवस."

त्यानंतर वाट बघणं. ऑक्टोबर गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. साडूभाऊ रोज सकाळी फोन करायचे, "आलं?" मी "नाही" म्हणालो की ठेवायचे. नाताळ गेला तेव्हा मी धीर सोडला. म्हणालो, "आता कशाला वाट बघायची?" ते म्हणाले, "गुरुजी, आपण खरं सांगितलंय. आता वाट बघायचं काम त्यांचं न्हाई, आपलं हाय. रोज करायचं." जानेवारीच्या मध्यावर कांताबाईचा फोन आला. म्हणाली, "गुरुजी, मी माय हाय, म्हनायलेत." मी साठी ओलांडलेला माणूस, फोन धरून पोरासारखा रडलो. साडूभाऊंना कळवलं, तर पलीकडून फक्त "बराबर" आलं.

ती परभणीहून मुंबईच्या गाडीत बसली. मी तिच्या आधीच्या गाडीनं सेलूला जाऊन साडूभाऊंबरोबर फलाटावर उभा. गाडी दोन मिनिटं थांबली. साडूभाऊंनी खिडकीतून शिवलेल्या फाईलची दुसरी प्रत आत दिली. "बॅगंत टाकायची न्हाई. पोटाशी धरायची. कुणी विचारलं तर तीनच गोष्टी सांगायच्या."

"मी सुजाताची माय, लेकरासाठी आले, तीन महिन्यांनी वापस जाणार," कांताबाईनं धडा म्हणून दाखवला. गाडी हलली. ती खिडकीतून हात जोडत राहिली, आम्ही हात वर करून उभे.

गाडी दिसेनाशी झाल्यावर मी वळलो, तर साडूभाऊ बाकावर बसलेले. बसलेले! मी घाबरलो, विचारलं, "छातीत दुखतंय का?" "न्हाई," म्हणाले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "माय मी दोन वर्षाचा असताना गेली. बाप त्याच्या आधीच. आत्यानं इथं आणलं. शाळंतला गुरुजी म्हणला, कान धर. मी धरला. एक जून." गुडघ्यावरची टोपी सरळ केली. "आत्याला लय येळा विचारलं. ती म्हणायची, तारीख कुठली रे बाबा, थंडी होती एवढं मला ठाऊक. थंडी होती, अन् तुझ्या मायनं तुला पदरात गुंडाळलं होतं." मीही त्यांच्या शेजारी बसलो.

फेब्रुवारीत सुजाताला मुलगी झाली. घरच्या घरी बुद्धवंदना घेऊन त्यांनी नाव ठेवलं, तेव्हा आम्हाला मोबाईलवर दाखवलं. आम्ही साडूभाऊंच्या ओसरीत जमलेलो. सगळ्यांनी बाळाचं नाक कोणावर गेलं ते सांगितलं, साडूभाऊंनी विचारलं, "नोंद केली का?" सुजातानं हसत दाखला कॅमेऱ्यासमोर धरला. त्यांनी भिंग मोबाईलच्या काचेवर धरून वाचलं. नऊ फेब्रुवारी. सुजाता म्हणाली, "सकाळी नऊ वाजून सतरा मिनिटं, काका, घड्याळ बघून." ते स्वतःशीच पुटपुटले, "सतरा मिनिटं." मग कांताबाई पुढं आली, लोकरीची टोपी घातलेली, ओळखूच येईना. "वकीलसाहेब, तुमाला तारीख न्हाई म्हनं. गुरुजी म्हनले मला. मंग हिचीच घ्या की! दोघाची एक तारीख आमच्यात चालती."

"सबूत काय?" साडूभाऊ कडाडले.

मी म्हणालो, "थंडी होती. साक्षीदार तुमच्या आत्या."

"ऐकीव पुरावा चालत न्हाई," म्हणाले आणि तरातरा आत निघून गेले. ते परत आले नाहीत. मोबाईलवर बाळ मात्र मोठमोठ्यानं जांभया देत होतं. कांताबाई म्हटल्याप्रमाणे तीन महिन्यांनी परत आली आणि दुसऱ्या दिवशी तिनं अंगणवाडी उघडली.

अलीकडं साडूभाऊंचे गुडघे गेले आहेत. काठी आली. आता जड मामला असो की हलका, जिनिंगच्या भिंतीपर्यंतच जातात आणि वाटेत दोनदा थांबतात. कोणाची केस किती जड आहे हे सेलूला आता कळत नाही, त्यामुळे चहावाल्यांना चैन पडत नाही. मध्ये मी गेलो होतो तेव्हा त्यांच्या खोलीतल्या कॅलेंडरवर फेब्रुवारीच्या पानाला, नऊच्या चौकोनात, लाल दोऱ्याचे दोन टाके दिसले. मी बघतोय हे बघून म्हणाले, "फाईलीची तारीख हाय." मी म्हणालो, "असणार."

या वर्षी नऊ फेब्रुवारीला सकाळी मी फोन केला. "वाढदिवसाच्या शुभेच्छा" म्हणालो आणि सवयीनं फोन कानापासून लांब धरला. आपटल्याचा आवाज आला नाही.

"पोरीला की मला?" त्यांनी विचारलं.

"दोघांना."

मग अगदी हळू, मी आजवर न ऐकलेल्या आवाजात, "गुरुजी, किती वर्षं पुरी झाली म्हणायची मला?"

उभ्या आयुष्यात मी शेकडो पोरांची वयं एका नजरेत लावली. माझ्या तोंडात आकडा आलासुद्धा होता. तो मी गिळला.

"मला माहीत नाही, साडूभाऊ," मी म्हणालो.

"बराबर," ते म्हणाले. आणि त्यांनी फोन ठेवला नाही.